महासाथीच्या काळातील सुरक्षित व्यायाम

श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराची साथ चालू असताना स्वतःला किंवा इतरांना संसर्ग होणार नाही अशा बेताने व्यायाम चालू ठेवणे, असा याचा साधा अर्थ. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या साथींत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही. आजार हवेतून पसरू लागला की मात्र पेच पडतो, कारण ज्या जोरदार श्वासोच्छ्वासासाठी माणूस व्यायाम करतो, त्याच श्वासोच्छ्वासातून विषाणूही फैलावतो. या विषयातली बहुतेक माहिती कोविड-१९ च्या काळात गोळा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी या आजाराला महासाथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी त्याची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोरात धावताना हाच आकडा १०० लिटरच्या पुढे जातो. हवा वाढते तसे तिच्यातले सूक्ष्म कणही वाढतात, पण सरळ प्रमाणात नव्हे. जर्मनीतील संशोधकांनी २०२२ मध्ये १६ निरोगी स्वयंसेवकांना सायकल मारायला लावून उच्छ्वासातले कण मोजले. विश्रांतीच्या तुलनेत, पार थकेपर्यंतच्या व्यायामात त्यांची संख्या सरासरी १३२ पट झाली. मध्यम गतीपर्यंत वाढ बेताची होती, त्यापुढे ती एकदम उसळली. बोलता येईल इतपत दम लागणे आणि शब्द न फुटण्याइतकी धाप लागणे यांत साथीच्या दृष्टीने एवढे अंतर आहे.

प्रत्यक्षात याचा अनुभव आधीच आला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये दक्षिण कोरियातील चोनान शहरात नृत्यव्यायाम शिकवणाऱ्या २७ प्रशिक्षकांची कार्यशाळा झाली. त्यांतले ८ जण बाधित निघाले, पण तोवर ते आपापल्या वर्गांवर परतले होते. सुमारे ६० चौरस मीटरची खोली, ५ ते २२ विद्यार्थी, ५० मिनिटे ठेक्यावर उड्या, असे ते वर्ग. ९ मार्चपर्यंत १२ क्रीडाकेंद्रांशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. बाधितांपैकी एक प्रशिक्षिका ७-८ जणांना पिलाटीस (सावकाश हालचालींचा व्यायामप्रकार) आणि योग शिकवत होती. तिच्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही लागण झाली नाही. एका उदाहरणावरून नियम बांधता येत नाही हे खरे, पण वरच्या प्रयोगाशी ते जुळते.

शिकागोतील प्रकार अधिक बोलका आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस तिथल्या एका व्यायामशाळेत वर्गांना क्षमतेच्या पाव भागच माणसे घेत, दारात ताप तपासत, चटया ६ फुटांवर टाकत. प्रत्येकजण चटई आणि वजने घरून आणत असे. व्यायाम करताना मास्क काढायची मात्र मुभा होती, आणि काहीजण लक्षणे असूनही येत राहिले. ८१ पैकी ५५ जणांना कोविड झाला. डंबेल पुसण्यावर आणि जमिनीवर खुणा आखण्यावर त्या काळात जगभर जेवढी मेहनत झाली, तिच्या निम्मी जरी खिडक्या उघडण्यावर झाली असती तर बरे झाले असते. हात धुणे, हाताळलेली साधने पुसणे योग्यच. पण बंद खोलीतली हवा सगळ्यांची एकच असते आणि सूक्ष्म कण तीत तरंगत राहतात, त्यामुळे नुसते अंतर पाळून भागत नाही. हवा किती खेळती आहे याचा अंदाज कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवरून येतो. बाहेरच्या हवेत हा वायू दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. खोलीत व्यायाम चालू असताना आकडा ८०० च्या वर चढत राहिला, तर लोक एकमेकांचा उच्छ्वास बराच घेत आहेत असे समजावे.

उघड्यावरचा व्यायाम म्हणूनच कितीतरी सुरक्षित. तरी सुरुवातीला भीती त्याचीच जास्त होती. एप्रिल २०२० मध्ये पॅरिसने सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळेत धावण्यावर बंदी घातली. धावणाऱ्याच्या मागे कण कित्येक मीटर जातात, असे दाखवणारी संगणकीय चित्रेही त्याच महिन्यात फिरली. ती हवेच्या प्रवाहाची गणिते होती. तेवढ्याने लागण होते का, हे त्यांत तपासलेले नव्हते. मागोमाग धावण्याऐवजी बाजूने किंवा तिरके धावावे, एवढा बोध त्यातून पुरेसा आहे.

मास्कबाबत सल्ला बदलत गेला. व्यायाम करताना मास्क लावू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये सांगितले होते. निरोगी प्रौढांवरील नंतरच्या चाचण्यांत रक्तातला ऑक्सिजन मास्कमुळे फारसा घटत नाही असे दिसले, पण घुसमट जाणवते आणि घामाने भिजलेल्या कापडातून श्वास ओढणे जड जाते. बंद जागेत मास्क लावून वेग कमी ठेवावा, जवळ दुसरा कोरडा मास्क असावा.

घरी बसून राहणे हाही सुरक्षित पर्याय नाही. अमेरिकेतील ४८,४४० कोविडरुग्णांच्या नोंदींत, साथीपूर्वी सातत्याने निष्क्रिय असलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता आठवड्याला १५० मिनिटे व्यायाम करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळली. व्यायामाचे आकडे रुग्णांनी स्वतः सांगितलेले होते, हे ध्यानात ठेवावे. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत, हे प्रमाण साथीतही तेच राहते.

आजारी पडल्यावर सगळेच उलटते. ताप असताना ‘घाम काढून ताप उतरवणे’ हा खुळेपणा आहे. विषाणूने हृदयाच्या स्नायूला सूज आली असेल तर श्रमाने हृदयाचा ठोका जीवघेणा बिघडू शकतो. छातीत दुखणे, धडधड, भोवळ यांपैकी काही झाले असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. सौम्य आजारानंतर निदान ७ दिवस लक्षणमुक्त जावेत आणि पुढचे दोन आठवडे अगदी हलक्या हालचालींवर भागवावे, असा सल्ला २०२१ च्या सुरुवातीला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये देण्यात आला.

न्यूमोनियाची शंका असताना डॉक्टर एक साधी चाचणी करतात. बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्क्यांतला आकडा पाहायचा, मग हात छातीशी धरून खुर्चीवरून मिनिटभर उठबस करायची आणि पुन्हा पाहायचा. तो ३ टक्के किंवा त्याहून जास्त घसरला तर फुप्फुसे अजून सावरलेली नाहीत असे मानतात. बोट गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा फसवा येतो. विश्रांतीतच आकडा कमी असलेल्या माणसाने ही चाचणी घरी करून पाहू नये.

दीर्घ कोविडच्या, म्हणजे संसर्गानंतर लक्षणे महिनोन्महिने टिकून राहिलेल्या, काही रुग्णांत आणखी एक अडचण दिसते. व्यायाम करताना त्यांना बरे वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते अंथरुणाला खिळतात. अशांना ‘रोज थोडे थोडे वाढवा’ हा नेहमीचा सल्ला अपाय करतो. त्यांनी शक्ती संपण्याच्या आतच थांबावे, आणि कोणत्या कामानंतर किती तासांनी त्रास झाला याची वही ठेवावी. त्यात अंघोळ आणि जिना चढणेही धरावे.