शाश्वत व किफायतशीर संरचना अभिकल्प

शाश्वत व किफायतशीर संरचना अभिकल्प : बांधकामाची सुरक्षितता पुरती राखून त्यात कमीत कमी सामग्री, ऊर्जा व पैसा खर्ची पडेल आणि ते दीर्घकाळ टिकेल, अशा रीतीने त्याची आखणी करणे. किफायतशीर म्हणजे स्वस्त नव्हे. बांधताना वाचवलेला पैसा दुरुस्तीत गेला, तर ती काटकसर नव्हेच.

या विषयाच्या केंद्रस्थानी सिमेंट आहे. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू सिमेंटनिर्मितीतून निघतो. भट्टी १,४५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावी लागते. तरी निम्म्याहून अधिक वायू इंधनाचा नसून चुनखडीच्या विघटनाचा असतो. म्हणून नुसते इंधन बदलून भागत नाही. क्लिंकरच्या (भट्टीतून निघणारे, दळून सिमेंट होणारे खडे) काही भागाऐवजी फ्लाय ॲश (कोळसा जळून उरणारी बारीक राख), झोतभट्टीतील मळी किंवा भाजलेली चिकणमाती वापरतात. त्याहून हुकमी उपाय म्हणजे मुळात काँक्रीटच कमी लागेल असे पाहणे.

त्याची किल्ली गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधील अंतराच्या, लांबीत असते. सारखा पसरलेला भार असलेल्या तुळईचा गाळा दुप्पट केला की बेंडिंग मोमेंट (तुळईला वाकवू पाहणारा परिणाम) चौपट होतो, आणि छेद तोच ठेवल्यास मधला बाक सोळापट. उलट, रुंदी न बदलता तुळईची खोली दुप्पट केली तर काँक्रीट दुप्पट लागते, पण ताठपणा आठपट वाढतो. खांब कुठे येणार हे पहिल्या नकाशातच ठरते. संरचना अभियंत्याला त्यानंतर बोलावले, तर सर्वांत मोठी बचत तोवर हातची गेलेली असते.

स्विस अभियंता रॉबेर मायार यांचा स्वित्झर्लंडमधील साल्जिनाटोबेल पूल (१९३०) हे याचे सुंदर उदाहरण. ९० मीटर गाळ्याची ही त्रिबिजागरी कमान (दोन्ही टोकांना व माथ्यावर बिजागरी असलेली) बिजागऱ्यांपाशी, जिथे मोमेंट शून्य असतो, सडपातळ आहे आणि गाळ्याच्या चतुर्थांशावर भरीव खोलीची. कमानीचा पातळ तळ आधी ओतला व वरच्या भिंतींचा भार त्यालाच पेलू दिला. त्यामुळे सेंट्रिंग (ओले काँक्रीट पेलणारा तात्पुरता आधार) हलके चालले. आलेल्या १९ प्रस्तावांत तो सर्वांत कमी खर्चाचा होता.

मात्र पैसा आणि सामग्री यांची बचत नेहमी हातात हात घालून चालत नाही. बरगड्यांच्या स्लॅबला काँक्रीट कमी लागते, पण शटरिंगची (काँक्रीट ओतण्याच्या साच्यांची) मजुरी वाढते. सपाट स्लॅब झटपट होतो, पण त्याच्या पोटातले बरेचसे काँक्रीट फारसे काम न करता केवळ वजन वाढवते. तुळयांचे आकार सारखे ठेवले की शटरिंगच्या त्याच प्लेटा मजल्यामागून मजल्यावर चालतात.

टिकाऊपणाचा हिशेब मिलिमीटरांत होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये जितका खोल शिरतो, ती खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सळई जागेवर धरणारा कव्हर ब्लॉक निसटून ४० मिलिमीटरचे कव्हर (सळईवरील काँक्रीटचा थर) २० वर आले, तर हा वायू सळईपर्यंत एकचतुर्थांश काळातच पोचतो. मग काँक्रीटचे सळईला असलेले संरक्षण संपते, ओलावा मिळताच सळई गंजून फुगते, कव्हरचे पापुद्रे सुटतात आणि त्याच जागी पुन्हा सिमेंट ओतावे लागते.