जेलीफिशची छत्री उघडतं कोण?

जेलीफिश पोहताना स्नायू आवळून छत्री मिटते, पाणी मागे फेकलं जातं आणि ती पुढे सरकते. पण छत्री पुन्हा उघडायला तिच्याकडे उलट ओढणारे स्नायूच नाहीत. हे काम दोन पेशीथरांमधला जेलीचा थर, म्हणजे मेसोग्लिया, करतो. त्यात बहुतांश पाणीच, त्यामुळे तो निव्वळ भरावा वाटावा.

तो तसा नाही, हे विसाव्या शतकाच्या मध्यात उमगू लागलं. १९५३ मध्ये चॅपमन यांनी मेसोग्लियाची सूक्ष्मरचना आणि त्यातले तंतू तपासले. १९६४ मध्ये मॅकनील अलेक्झांडर यांनी त्याची ताण सोसण्याची क्षमता मोजली.

खरी रंगत आणली ती उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या पॉलिऑर्किस या घंटेच्या आकाराच्या लहानशा जेलीफिशने. ग्लॅडफेल्टर यांनी १९७२ मध्ये तिची पोहण्याची यंत्रणा मांडली. तिच्या जेलीत आतून बाहेर, आरपार जाणारे तंतू असतात. घंटा आवळली की तिचा घेर घटतो. पण जेली दाबून कमी होत नाही, म्हणून भिंत जाड होते आणि हे आडवे तंतू ताणले जातात. स्नायू सैलावले की ते आखडतात आणि घंटा उघडते. लेंग्याच्या इलॅस्टिकचंच काम, फक्त दिशा उलटी: इलॅस्टिक आवळतं, हे उघडतं. १९८८ मध्ये डिमॉन्ट आणि गॉसलाइन यांनी या साठवलेल्या ऊर्जेचा हिशेब मांडला. घंटेची स्वतःची एक लय असते आणि प्राणी त्याच लयीत पोहतो, असंही त्यांना दिसलं. झोका योग्य वेळी ढकलावा, तसं.

मात्र हे तंतू कशाचे? आपल्या त्वचेला आणि धमन्यांना लवचीकपणा देणारं इलॅस्टिन पृष्ठवंशीय प्राण्यांतच सापडतं, म्हणजे ते इथे नसणार. १९८६ मध्ये माणसाच्या ऊतींत फायब्रिलिन हे प्रथिन सापडलं. त्याचे जेमतेम १० ते १२ नॅनोमीटर जाडीचे धागे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मण्यांच्या माळेसारखे दिसतात. १९९५ मध्ये पोडोकोरीन या जेलीफिशमध्ये त्याच्याच नात्यातलं प्रथिन मिळालं. गंमत म्हणजे, प्राण्याच्या जीवनचक्राच्या टप्प्यानुसार त्याचे तंतू वेगवेगळे बनतात. पुढे २००५ मध्ये मेगिल आणि सहकाऱ्यांनी पॉलिऑर्किसच्या फायब्रिलिनयुक्त तंतूंचा ताठरपणा मोजला. तो इलॅस्टिनच्याच पातळीचा निघाला.

आपल्याकडे फायब्रिलिनच्या धाग्यांवर इलॅस्टिनचा थर चढतो. जेलीफिशचं त्या धाग्यांवरच भागतं. माणसात याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड झाला की मारफान सिंड्रोम होतो आणि महाधमनी फुगू लागते.