निळा चहा जांभळा का होतो?

‘लिंबू पिळताच रंग बदलला म्हणजे केमिकल’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. ठाण्यातल्या कॅफेंत निळा चहा दिसू लागला नि तो मेसेज पुन्हा आला. शंका स्वाभाविक आहे, मीही आधी बिचकले होते. पण तो रंग गोकर्णीच्या फुलाचा. त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आंबटात जांभळं होतं, खाण्याच्या सोड्यात हिरवट. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तसंच काहीसं.

घरी बघा. कुंडीतली, फवारणी न केलेली पाच-सहा निळी फुलं गरम पाण्यात ठेवा. पाणी दोन वाट्यांत ओतून एकीतच लिंबू पिळा. थेंब पडतो तिथून जांभळट रेघा पसरतात. (चव मात्र लिंबाचीच, फुलाला स्वतःची जवळपास नाहीच.) उलट भरपूर लिंबू पिळूनही निळा ढिम्म राहिला, तर कॅफेवाल्याला खुशाल विचारा, रंग कुठला?