तीन आडनावं, एकच धंदा: वॉकर, फुलर आणि टकर

लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात भिजवला आणि जोरजोरात घासून धुतला, की वाळल्यावर तो घरातल्या सगळ्यात धाकट्या पोरालाच होतो. लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि रगडा मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. कापड आक्रसतं, जाड होतं, त्याची वीण दिसेनाशी होते. आपल्या घरी हा अपघात असतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हजारो माणसं रोज मुद्दाम हेच करत आणि त्यावर संसार चालवत.

मागावरून नुकतंच उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि मेणचट असायचं. मेंढीच्या अंगचं मेण आणि सूत कातताना लावलेलं तेल त्यात मुरलेलं असे. कारागीर ते लाकडी कुंडात टाकायचा, त्यावर शिळं मूत्र ओतायचा आणि अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवायचा. मूत्र साठवून ठेवलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबीशी मिळून साबणासारखं काम करतो. मग एक खास माती चोळून उरलासुरला तेलकटपणा शोषून घ्यायचा. ही माती आपल्या ओळखीची आहे. आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीलाच इंग्रजीत ‘फुलर्स अर्थ’ म्हणतात, म्हणजे फुलरची माती. शेवटी धुतलेलं ओलं कापड उघड्यावर लाकडी चौकटीवर आकड्यांनी ताणून वाळवायचं, म्हणजे ते वेडंवाकडं न आक्रसता सगळीकडे एकसारखं राहतं.

हे काम करणाऱ्याला काय म्हणायचं, ते तो कुठे राहतो यावर ठरत असे. इंग्लंडच्या आग्नेयेला आणि पूर्वेला तो ‘फुलर’. हा शब्द लॅटिन ‘फुल्लो’पासून आला. नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल या भागात तो ‘टकर’. त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं छळणं या अर्थाचं क्रियापद आहे, आणि कापडाचे काय हाल होत ते पाहिलं तर शब्द चपखल वाटतो. उत्तरेला, यॉर्कशर-लँकशरकडे, तो ‘वॉकर’. आज ‘वॉक’ म्हणजे चालणं, पण जुन्या इंग्रजीत त्या धातूचा अर्थ घोळणं, लोळवणं असा होता. एकाच कुंडाभोवती तीन शब्द जन्मले आणि तिन्ही पुढे आडनावं झाली. इंग्लंडच्या नकाशावर या आडनावांची दाटी रंगवली, तर सातशे वर्षांपूर्वीच्या बोलीभाषांच्या सीमा आजही अंधूकपणे उमटतात. मला हे फार विलक्षण वाटतं. शब्दकोशातून हद्दपार झालेली बोली माणसांच्या नावांत तग धरून राहिली आहे.

इंग्लंडमध्ये आडनावं बापाकडून मुलाकडे जायला लागली ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर. आधी जमीनदारांत, मग शहरांत, मग खेड्यापाड्यांत. साधारण १४०० पर्यंत बहुतेक इंग्लिश कुटुंबांना आडनाव चिकटलं होतं, उत्तरेकडे थोडं उशिरा. हा बदल होताना पाहायचा असेल, तर १३७९ सालच्या डोईपट्टीच्या याद्या चाळाव्यात. तो कर माणसाचा दर्जा आणि धंदा पाहून आकारला जात होता, त्यामुळे नावापुढे धंदाही लिहिलेला सापडतो. कुठे नाव आणि धंदा जुळतात, तर कुठे जुळत नाहीत. न जुळणाऱ्या नोंदी मोलाच्या आहेत. त्या माणसाच्या बापाने किंवा आजोबाने कापड तुडवलं असेल, तो स्वतः दुसरंच काही करतो, तरी लोक त्याला जुन्याच नावाने ओळखतात. नाव आता वारसाहक्काने आलेलं आहे.

याच सुमारास हा धंदाही बदलत होता. टेम्पलर या लढवय्या धर्मसंघाच्या मालमत्तेची ११८५ मध्ये मोजदाद झाली, तिच्यात कापड कुटणाऱ्या पाणचक्क्यांच्या इंग्लंडमधल्या अगदी सुरुवातीच्या नोंदी मिळतात. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं आणि चाकाच्या आसावरचे खुंट जड लाकडी हातोडे उचलून कापडावर सोडायचे. माणसाच्या पायांची जागा हातोड्यांनी घेतली. हळूहळू अशी चक्की ओढ्याओढ्यावर उभी राहिली, आणि जिथे चक्की तिथे एक वॉकर, फुलर किंवा टकर. पुढे जनुकं काय सांगतात ते समजायला एवढंच ध्यानात ठेवायचं: हे नाव एका माणसापासून सुरू झालेलं नाही. ते शेकडो गावांत, एकमेकांना कधीही न भेटलेल्या शेकडो माणसांना पडलं. आपल्याकडे गावोगाव कुलकर्णी होते, म्हणून सगळे कुलकर्णी एका घरचे ठरत नाहीत, तसंच हे.

आता जनुकांकडे वळू. पुरुषाच्या पेशीत एक वाय गुणसूत्र असतं आणि ते फक्त बापाकडून मुलाकडे जातं. इतर गुणसूत्रं प्रत्येक पिढीत आई-बापाचे तुकडे मिसळून नव्याने पिसली जातात. वायचा बहुतांश भाग मात्र जसाच्या तसा उतरतो. मधूनच नक्कल करताना एखादी चूक होते, म्हणजे उत्परिवर्तन, आणि मग ती चूकही पुढच्या पिढ्यांना मिळत राहते. इंग्लंडमधलं आडनावही बापाकडून मुलाकडेच जातं. म्हणजे एकाच मूळ पुरुषापासून आडनाव सुरू झालं असेल आणि मध्ये काही गडबड झाली नसेल, तर त्या आडनावाच्या सगळ्या पुरुषांचं वाय गुणसूत्र जवळपास एकसारखं निघायला हवं.

ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी २००० साली हे स्वतःच्याच आडनावावर तपासून पाहिलं. यॉर्कशरच्या बोलीत ‘साइक’ म्हणजे ओहोळ, तेव्हा हे जागेवरून पडलेलं आडनाव. त्यांनी साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली. त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच नमुन्याचं निघालं. पुढे लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी ४० आडनावांचे जवळपास १,७०० पुरुष तपासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. अ‍ॅटनबरो, स्विंडलहर्स्ट यांसारख्या दुर्मीळ आडनावांत ७० टक्क्यांहून अधिक पुरुषांचं वाय गुणसूत्र सारखं किंवा अगदी जवळचं होतं. दुसऱ्या टोकाला स्मिथ, म्हणजे लोहार. ब्रिटनमध्ये ५ लाखांहून अधिक लोकांचं हे आडनाव आहे. कोणतेही दोन स्मिथ घ्या किंवा रस्त्यावरून जाणारे कोणतेही दोन इंग्लिश पुरुष घ्या, वाय गुणसूत्राच्या नात्यात फरक दिसला नाही. वॉकर हेही ब्रिटनमधल्या पहिल्या वीसेक आडनावांत मोडतं, आणि त्याची घडण स्मिथसारखीच आहे.

पण इथे एक प्रश्न उभा राहतो. दुर्मीळ आडनावही सुरुवातीला दोन-तीन घरांना पडलं असू शकतं. मग आज एकच नमुना इतका का वरचढ दिसतो? याचं उत्तर एका जुन्या गणितात आहे. इंग्लिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ मध्ये आडनावं कशी नाहीशी होतात हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि हेन्री वॉटसन या धर्मगुरूंनी त्याचं गणित मांडलं. प्रत्येक पुरुषाला सरासरी एक मुलगा होतो असं धरू. सरासरी एक म्हणजे कुणाला तीन, कुणाला एक, कुणाला एकही नाही. निव्वळ योगायोगाने पहिल्याच पिढीत शंभरातल्या सुमारे ३७ जणांची पुरुषवंशाची रेषा थांबते. लोकसंख्या स्थिर राहिली असं मानून २२ पिढ्या, म्हणजे साधारण सातशे वर्षं पुढे गेलं, तर शंभर मूळ पुरुषांपैकी जेमतेम आठांची रेषा उरते. प्रत्यक्षात १३४८ च्या प्लेगने इंग्लंडची तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त माणसं नेली, तेव्हा सुरुवातीच्या शतकांत घट आणखी मोठी असणार.

हेच गणित वॉकरला लावून पाहू. समजा ५०० वेगवेगळ्या माणसांना हे नाव पडलं. त्यांतल्या ४० रेषा आज शिल्लक असतील. म्हणजे चाळीस वेगळी घराणी, एकच आडनाव. अशा आडनावाचे पुरुष आपापले निकाल एकत्र ठेवतात तेव्हा हेच दिसतं: अनेक छोटे छोटे गट, आणि एका गटाचा दुसऱ्याशी काही हजार वर्षांत संबंध नाही. म्हणूनच ‘वॉकर घराण्याचं मानचिन्ह’ म्हणून चौकटीत बसवून विकली जाणारी चित्रं पाहिली की मला वाईट वाटतं. घेणारा मनापासून घेतो, पण सगळ्या वॉकरांचं असं एक घराणं कधी नव्हतंच.

शिवाय रेषा मध्येच तुटतेही. दत्तक मूल, सावत्र बापाचं नाव, लग्नाबाहेर जन्मून आईचं आडनाव लावणारा मुलगा, इस्टेटीसाठी सासऱ्याचं आडनाव घेणारा जावई, अशा प्रत्येक प्रसंगी आडनाव एकीकडे जातं आणि वाय गुणसूत्र दुसरीकडे. लेस्टरच्या अभ्यासात हे प्रमाण पिढीला १ ते ४.५ टक्के असं निघालं. नुसते २ टक्के धरले तरी २२ पिढ्यांनी शंभरातल्या ६४ पुरुषांकडेच मूळ जोडी टिकलेली असेल.

या तुटण्या-जुळण्यातून काय बाहेर येऊ शकतं, याचं एक उदाहरण यॉर्कशरमध्येच सापडलं. २००७ मध्ये लेस्टरच्याच गटाला एका गोऱ्या इंग्लिश माणसाच्या वाय गुणसूत्रात ‘ए-वन’ (A1) हा वंशगट, म्हणजे एका समान पूर्वजापासून आलेला नमुना, मिळाला. तोवर हा वंशगट पश्चिम आफ्रिकेशी नातं असलेल्या मोजक्याच पुरुषांत दिसला होता. त्या माणसाचं आडनाव यॉर्कशरचं, दुर्मीळ. संशोधकांनी त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले, तर सात जणांत तेच गुणसूत्र निघालं. कागदपत्रांवरून त्यांच्या वंशावळी अठराव्या शतकाच्या अखेरच्या यॉर्कशरपर्यंत पोचतात आणि तिथेही दोन वेगळ्या शाखा दिसतात, म्हणजे त्यांना जोडणारा पूर्वज त्याहून जुना. आफ्रिकेतून आलेला कुणी पुरुष शेकडो वर्षांपूर्वी या कुटुंबात मिसळला, वंशजांना पत्ताही नव्हता, आणि आडनाव शंभर टक्के इंग्लिश.

हे सगळं एका धाग्याबद्दल झालं. बापाचा बाप, त्याचा बाप, एवढीच ही रेषा. २२ पिढ्या मागे गेलं तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात जवळपास ४२ लाख जागा असतात. त्या काळच्या अख्ख्या इंग्लंडची लोकसंख्या याच पातळीवरची होती, तेव्हा तीच माणसं अनेक जागी पुन्हापुन्हा येणार. आजच्या टकरच्या अंगात स्मिथ, फुलर, वॉकर सगळेच आहेत. तरी माणसं फार लांब जाऊन लग्न करत नव्हती, याची खूणही उरली आहे. २०१५ मध्ये ब्रिटनच्या ग्रामीण भागातल्या २,०३९ लोकांच्या जनुकसंचभर विखुरलेल्या खुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चारही आजी-आजोबा एकमेकांपासून ८० किलोमीटरच्या आत जन्मलेले असतील, अशांनाच त्यात घेतलं होतं. त्यात डेव्हन आणि कॉर्नवॉल हे शेजारी भागसुद्धा वेगळे ओळखू आले, आणि त्यांच्यातली रेषा बरीचशी जिल्ह्याच्या सीमेवरूनच गेली. टकरांच्या मुलखाचा ठसा वाय गुणसूत्रापेक्षा इथे जास्त स्पष्ट दिसतो, कारण यात आजीही मोजली जाते.

आणि आजीचं यात मोठं काम आहे. स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांवर लोकरीचं कापड आक्रसण्याचं काम विसाव्या शतकापर्यंत बायका करत होत्या. लांब फळीच्या दोन्ही बाजूंना बसायचं, ओलं कापड फळीवर आपटत, ढकलत शेजारणीकडे सरकवायचं आणि तालासाठी गेलिक या तिथल्या भाषेतली गाणी म्हणायची. एक जण ओळ उचलायची, बाकीच्या धरायच्या. त्यांच्या आईकडून आलेलं मायटोकॉन्ड्रियाचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाचं, डीएनए आजही मुली-नातींच्या पेशीत आहे, पण त्याच्याबरोबर कुठलंच आडनाव चालत आलेलं नाही. गाणी मात्र आली. विसाव्या शतकात ती ध्वनिमुद्रित झाली, आणि त्यांत गाण्याच्या मागे ओलं कापड फळीवर आपटल्याचा आवाज ऐकू येतो.