तरंगता बर्फ आणि टेकलेला बर्फ

दर उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरून येतो. काठोकाठ भरलेला ग्लास, त्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे. तुकडे वितळून जातात, पण पाण्याचा एक थेंब बाहेर सांडत नाही. खाली ओळ असते: ‘मग समुद्र कसा वाढणार?’ पाठवणारे काका निवृत्त इंजिनिअर, त्यामुळे त्यांना उलट बोलायची कुणाची छाती होत नाही. शिवाय प्रयोग खोटा नाहीच. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो आणि वितळला की बरोबर तेवढीच जागा भरतो. आर्किमिडीजपासून हे ठाऊक आहे.

काकांना मी एवढंच सुचवलं, की पुढच्या वेळी ग्लास तसाच काठोकाठ भरा, पण बर्फ आत टाकू नका. ग्लासावर चहाची गाळणी ठेवा आणि बर्फ गाळणीत ठेवा. आणि खाली फडकं अंथरा, नाहीतर काकू ओरडतील.

ग्लासातला बर्फ म्हणजे उत्तर ध्रुवाजवळचा बर्फ. तिथे खाली जमीन नाही, समुद्र आहे, आणि त्याच्या पृष्ठभागाचं पाणी गोठून काही मीटर जाडीचा थर तयार होतो. हिवाळ्यात तो पसरतो, उन्हाळ्यात आकसतो. गाळणीतला बर्फ म्हणजे ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका. तिथे हजारो वर्षांचा हिमवर्षाव थरावर थर दाबला जाऊन खडकावर बसलेला आहे. अंटार्क्टिकातल्या बर्फाची सरासरी जाडीच दोन किलोमीटरच्या आसपास भरते. म्हणजे १,६४६ मीटरचं आपलं कळसूबाई त्यात अख्खं गडप होईल आणि वर आणखी बर्फ उरेल. हा सगळा बर्फ समुद्रात आला तर पाणी सुमारे ५८ मीटरने वाढेल, ग्रीनलंडचा आला तर ७ मीटरहून थोडं जास्त. अर्थात हे होण्यासारखं असलं तरी त्याला शतकं, सहस्रकं लागतील. ‘२०५० साली ५८ मीटर’ असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा.

तरंगणारा सगळा बर्फ वितळला तर? सुमारे ४ सेंटीमीटर. शून्य का नाही, तर समुद्राचं पाणी खारट म्हणून जड असतं आणि बर्फ वितळून येणारं पाणी गोडं, हलकं. तेवढ्याच वजनाला ते जागा थोडी जास्त घेतं. मीठ घातलेल्या कोकम सरबतात हाच प्रयोग केला तर काठावर किंचित फरक पडायला हवा, पण तो डोळ्यांना दिसेल इतका नसतो.

आता गंमत अशी, की या दोन बर्फांची सरमिसळ फक्त काकाच करत नाहीत. दुसऱ्या बाजूचे लोकही तितक्याच उत्साहाने करतात. टीव्हीवर ‘मुंबई बुडणार’ अशी पट्टी चालू असते आणि पडद्यावर एका लहानशा तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल. त्या अस्वलाच्या पायाखालचा बर्फ पुरता वितळला तरी गिरगाव चौपाटीवरची वाळूही ओली होणार नाही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी २००९ साली कोपनहेगनमध्ये सांगितलं होतं, की पाच-सात वर्षांत उत्तर ध्रुवाचा समुद्र उन्हाळ्यात बर्फाविना दिसण्याची शक्यता मोठी आहे. तसं झालं नाही, आणि ते वाक्य आजही त्यांच्या नावाने उगाळलं जातं. पण ते खरं ठरलं असतं तरी त्याने समुद्र वाढला नसता. वाद समुद्राच्या पातळीचा आणि पुरावा तरंगत्या बर्फाचा, असा हा घोळ आहे.

म्हणून तरंगता बर्फ बिनमहत्त्वाचा, असंही नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवाजवळ तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता. उपग्रहांनी मोजायला सुरुवात केली तेव्हा, १९८०च्या आसपास, याच महिन्यात तो सत्तर लाखांच्या घरात असायचा. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, उघडं पडलेलं काळं पाणी ते गिळतं. त्यामुळे तो प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतोय, आणि त्याची झळ शेजारच्या ग्रीनलंडला लागते. म्हणजे तरंगता बर्फ स्वतः पाणी वाढवत नाही, टेकलेल्या बर्फाला चूल मात्र पेटवून देतो.

सरमिसळीचा सगळ्यात मोठा तमाशा दक्षिणेला झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ २ कोटी चौरस किलोमीटरच्या पुढे गेला, उपग्रहांच्या नोंदीत पहिल्यांदाच. झालं! ‘अंटार्क्टिका वाढतोय, तापमानवाढ थोतांड आहे.’ त्याच काळात ग्रेस नावाचे दोन उपग्रह, एकमेकांमागे सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरत, खालच्या गुरुत्वाकर्षणातले बारीक बदल टिपत होते. २००२ पासून ते जणू बर्फाचं वजनच करत होते आणि खंडावरचा बर्फ घटतोय असं सांगत होते. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या, कारण बर्फ दोन होते. पुढे २०२३च्या सप्टेंबरमध्ये तोच समुद्री बर्फ १ कोटी ७० लाखांवर थांबला, नोंदींतला त्या ऋतूचा सर्वात कमी. २०१४च्या आकड्यावर उड्या मारणारे त्या वर्षी फारसे दिसले नाहीत.

टेकलेल्या बर्फाबद्दलही खरा, अभ्यासूंमधला वाद झाला, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. २०१५ साली नासाच्याच काही शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढला, की अंटार्क्टिकात घटीपेक्षा भर जास्त आहे, कारण पूर्वेकडे बर्फ साचतोय. २०१८ मध्ये ऐंशीहून अधिक शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या उपग्रहांची मोजमापं एकत्र केली, तेव्हा १९९२ ते २०१७ या काळात २,७२० अब्ज टनांची घट निघाली. समुद्राच्या भाषेत साडेसात मिलिमीटर. पूर्वेचा आकडा मात्र शून्याच्या जवळपास, आणि त्यातली अनिश्चितता मोठी. घट आहे ती मुख्यतः पश्चिमेला.

यापुढे मात्र काकांचा ग्लास आणि माझी गाळणी दोन्ही अपुरे पडतात, कारण दोन बर्फांच्या मध्ये तिसरी अवस्था आहे. खंडावरचा बर्फ हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो आणि समुद्रावर जाडजूड फळीसारखा पुढे येतो. याला आइस शेल्फ म्हणतात. मागून टेकलेला, पुढून तरंगता. आपल्या देशाला हा प्रकार अनुभवाने माहीत आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. त्यानंतर दोन वर्षांनी उभं राहिलेलं आपलं पहिलं ठाणं, दक्षिण गंगोत्री, अशाच आइस शेल्फवर होतं. ते बर्फाखाली गाडलं जाऊ लागलं आणि १९९०च्या सुमारास सोडून द्यावं लागलं. पुढचं ठाणं मैत्री मात्र शिर्माकर ओअॅसिसच्या उघड्या खडकावर बांधलं.

अशा शेल्फचा तुकडा तुटला की मथळे येतात. जुलै २०१७ मध्ये लार्सन-सी शेल्फपासून गोव्याहून मोठा, सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला. त्यामुळे समुद्र किती वाढला? तुटल्यामुळे असा काहीच नाही, तो आधीच तरंगत होता. पण २००२ मध्ये शेजारचा लार्सन-बी काही आठवड्यांत चुरा होऊन गेला, तेव्हा त्याच्या मागच्या हिमनद्या काही पटींनी वेगाने समुद्राकडे धावू लागल्या. शेल्फ हा दाराला लावलेला अडसर असतो. अडसर गेल्याने घरात काही वाढत नाही, पण दार मोकळं होतं. पश्चिम अंटार्क्टिकातल्या थ्वेट्स हिमनदीवर सगळ्यांचं लक्ष आहे ते याचसाठी. तिचा तळ टेकलेला आहे, पण टेकला आहे समुद्रसपाटीच्या खालच्या खडकावर, त्यामुळे समुद्राचं तुलनेने उबदार पाणी तिला खालून पोखरतं. ती पूर्ण गेली तर पाणी सुमारे ६५ सेंटीमीटरने वाढेल. म्हणून मी ‘जमिनीवरचा बर्फ’ न म्हणता मुद्दाम ‘टेकलेला’ म्हणतोय.

आणि समुद्र वाढतो तो सगळाच बर्फामुळे नाही. तापलेलं पाणी तापमापकातल्या पाऱ्यासारखं प्रसरण पावतं. आतापर्यंतच्या वाढीत याचा वाटा तिसऱ्या हिश्शाहून कमी नाही. बर्फाचा हिशेब सोपा आहे: साधारण ३६० अब्ज टन बर्फ समुद्रात गेला की पाणी १ मिलिमीटर चढतं. ग्रीनलंड वर्षाला २७० अब्ज टनांच्या आसपास गमावतो, अंटार्क्टिका १५०च्या. डोंगरांवरच्या हिमनद्यांची भर वेगळी. मिळून १९९३ पासून जगाचा समुद्र सुमारे १० सेंटीमीटर वर आला. भरती-ओहोटीतच काही मीटर चढ-उतार होणाऱ्या मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून हे दिसणार नाही, म्हणून ‘मी लहानपणापासून बघतोय, समुद्र तिथेच आहे’ हा पुरावा बाद. पावसाळ्यात महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. या दहा सेंटीमीटरचा हिशेब त्या दिवशी लागतो.

एक शेवटची गोष्ट काकांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा गप्प झाले. ग्रीनलंडवरचा बर्फ इतका प्रचंड आहे, की त्याच्या गुरुत्वाकर्षणाने आजूबाजूचा समुद्र त्याच्याकडे ओढला गेलेला आहे. बर्फ घटला की ही ओढ सैल होते, शिवाय ओझं उतरल्याने खालची जमीनही वर येते. त्यामुळे ग्रीनलंडचा बर्फ वितळताना ग्रीनलंडच्याच किनाऱ्यावर पाणी खाली जातं. तिथल्या मच्छीमाराला बंदरात पाणी कमी पडेल, आणि ते पाणी सरासरीपेक्षा थोडं जास्तच येईल ते लांबच्या, विषुववृत्ताकडच्या किनाऱ्यांवर, म्हणजे आपल्याकडे.

काकांनी विचारलं, ‘आणि हे गाळणीत कसं दाखवायचं?’