अधू हाताची नेमबाजी

हाताला, मनगटाला किंवा खांद्याला इजा झालीय, पकडीत जोर उरलेला नाही, तरी रायफल-पिस्तूल चालवता यावं म्हणून बंदूक, बैठक आणि सवय यांत जे फेरफार करतात ते सगळं यात येतं. गोव्यात बहुतेकांनी पहिली बंदूक धरलेली असते ती जत्रेत नाहीतर फेस्तात, फुग्यांच्या स्टॉलवर, आणि तिथे नळी मोडून छर्रा भरून देतो तो स्टॉलवाला, आपण नुसता नेम धरतो आणि चाप ओढतो. म्हणजे जोराचं काम दुसऱ्याने केलेलं असतं. अधू हाताचा अर्धा तोडगा इथेच आहे.

स्प्रिंगच्या एअर रायफलला दर शॉटला नळी किंवा लिव्हर दाबावी लागते आणि १० मीटरच्या मॅचला ७५ मिनिटांत ६० शॉट, त्यामुळे मनगटात प्लेट बसलेल्या माणसाचं ते काम नाही (माझ्या मनगटात आहे, स्कूटरची कृपा, विसाव्या शॉटला बोटं उघडेनात). पीसीपी रायफलमध्ये साधारण २०० बार दाबाने हवा आधीच भरलेली असते, लिव्हर एका बोटाने हलते आणि धक्काही जवळजवळ नाही. पण ती हवा हातपंपाने भरायला गेलात तर सगळं अंग टाकून दाबावं लागतं, वाचवलेलं दुखणं व्याजासकट परत! स्कूबावाले वापरतात तसल्या सिलिंडरमधून भरणं बरं, हवा मात्र कोरडी हवी, आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवा आत गेली की गंज ठरलेलाच. छर्रा ४.५ मिमीचा, मिऱ्याच्या दाण्याएवढा, बधिर बोटांना तो उचलताच येत नाही, डबीत शोधत बसतो माणूस, तेव्हा सरळ कोणाकडून तरी भरून घ्यावा.

धरण्याचं म्हणाल तर मॅचची रायफल ५.५ किलोपर्यंत असू शकते, ती स्नायूंनी उचलून धरायचीच नसते, कोपर बरगडीला-कमरेला टेकवून वजन हाडांवरून खाली सोडायचं. उभं राहता येत नसेल तर खुर्ची, झोपून मारायच्या प्रकारात कोपर टेबलावर. पिस्तुलाचं वेगळं, ते नियमाप्रमाणे एकाच हाताने धरायचं आणि एअर पिस्तुलाच्या चापाला किमान ५०० ग्रॅमचा दाब हवाच. १० मीटर एअर रायफलला तशी मर्यादा नाही, चाप अगदी हलका करता येतो, म्हणून पकड कमजोर असेल तर पिस्तुलाच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत. तर्जनी बधिर असेल तर मधल्या बोटाने ओढतात. हलका चाप आणि थरथरता हात ही जोडी मात्र धोक्याची, नेम बसेपर्यंत बोट चापाच्या बाहेरच ठेवायचं.

पॅरालिम्पिकमध्ये नेमबाजी १९७६ पासून आहे. बंदुकीचं वजन स्वतः पेलणारे एसएच १ गटात, आणि हात अधू असल्यामुळे ज्यांना रायफल स्प्रिंगच्या स्टँडवर टेकवावी लागते ते एसएच २ मध्ये, त्यातल्या ज्यांना गरज असेल त्यांना छर्रा भरून द्यायला मदतनीसही चालतो. अवनी लेखरा एसएच १ ची, टोकियो आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये १० मीटर रायफलला सुवर्ण, आणि आपला कोल्हापूरचा स्वरूप उन्हाळकर टोकियोला चौथा आला, पदक थोडक्यात हुकलं.

हातच बदलणाऱ्यांत मोठं नाव हंगेरीच्या कारोली टाकाच यांचं. १९३८ मध्ये ग्रेनेड फुटून त्यांचा उजवा हात गेला, मग डाव्याने शिकून १९४८ आणि १९५२ च्या ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्ण घेतलं. हात बदलला तरी डोळा बदलत नाही ही यातली खरी मेख. दोन्ही डोळे उघडे ठेवून समोरच्या माडावर अंगठा धरा, मग एकेक डोळा मिटून बघा, ज्या डोळ्याने अंगठा माडावरून सरकत नाही तो नेमाचा डोळा. उजव्या डोळ्याचा माणूस डाव्या खांद्यावरून मारायला लागला तर त्या उजव्या डोळ्यासमोर छोटी पट्टी लावतात, नियमात ती ३० मिमीपर्यंत चालते.