फिरता फळा

फिरता फळा : चाकांच्या चौकटीवर बसवलेला, हवा तिथे ढकलत नेता येणारा पांढरा फळा. त्यावर मार्करने लिहितात आणि कोरड्या डस्टरने पुसतात. दुकानात त्याला 'स्टँडवाला बोर्ड' म्हणतात, घरात नुसता 'बोर्ड'. भिंतीवर ठोकलेल्या फळ्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की याला घर बदलता येते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांत त्याचा वापर शाळेइतकाच घरगुती शिकवण्यांत, सोसायटीच्या हॉलमध्ये आणि बैठकीच्या खोल्यांतही होतो. फळ्याला इथे चाके का लागली, याचे उत्तर शिक्षणशास्त्रात शोधण्याआधी घरांच्या नकाशात शोधावे.

घडण

फळा फुटांत मोजून विकला जातो: २ × ३, ३ × ४, ४ × ६ आणि शाळांसाठी ४ × ८. चाकांच्या स्टँडवर घरासाठी ३ × ४ चा फळा पुरतो. फ्लॅटच्या दारातून तो तिरका न करता जातो. ४ × ६ चा फळा मात्र जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये बसत नाही, जिन्यावरून न्यावा लागतो आणि वळणावर दोघांपैकी एकाची बोटे हमखास चेमटतात.

पृष्ठभाग तीन प्रकारचे असतात. सर्वांत स्वस्त मेलामाईनचा: राळेत भिजवलेला कागद लाकडी भुशाच्या पाटीवर दाबून चिकटवलेला. काही महिन्यांत त्यावर बारीक ओरखडे पडतात, शाई त्यात शिरते आणि जुने लिखाण भुतासारखे मागे दिसत राहते. दुसरा रंग दिलेल्या पोलादी पत्र्याचा. त्यावर चुंबक चिकटतो. तिसरा सिरॅमिकचा, म्हणजे पोलादावर काचेचा थर सुमारे ८०० अंश सेल्सियसला भाजून बसवलेला. तो महाग असतो, पण वर्षानुवर्षे नवा राहतो. रोज तीन बॅचेस घेणाऱ्याने पैसे वाचवायचेच असतील तर आकारात वाचवावेत, पृष्ठभागात नव्हे.

स्टँडला चार चाके असतात, त्यांतल्या किमान दोनांना चाक अडवणारा खटका हवा. काही स्टँडवर फळा आडव्या दांड्याभोवती पूर्ण उलटा फिरतो. एका बाजूला गणित अर्धवट ठेवून दुसरीकडे चित्र काढता येते, ही त्याची खरी सोय. चाके दोन इंचांची असतील तर फळा स्वयंपाकघराच्या संगमरवरी उंबरठ्यावर अडतो आणि ढकलणारा पुढे जातो. घरासाठी तीन इंची चाके घ्यावीत.

शाई कशी पुसली जाते

व्हाईटबोर्डच्या मार्करमध्ये रंगद्रव्य, चटकन उडून जाणारा अल्कोहोलसारखा द्राव आणि थोडा तेलकट पदार्थ असतो. द्राव काही सेकंदांत उडतो. तेलकट पदार्थ रंगाला पृष्ठभागाशी घट्ट चिकटू देत नाही, म्हणून रंग पापुद्र्यासारखा वर बसतो आणि डस्टरने निघतो. पर्मनंट मार्करमध्ये या तेलकट पदार्थाऐवजी पकडून ठेवणारी राळ असते. दोन्ही मार्कर दिसायला सारखे असल्याने अपघात ठरलेला. गणेशोत्सवात सोसायटीच्या चित्रकला स्पर्धेची वेळ प्रस्तुत लेखकाने एकदा अशाच चुकीच्या मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिली. विसर्जन झाले तरी 'सायं. ५ वा.' फळ्यावर होते. उपाय मार्करमध्येच आहे: त्याच अक्षरांवरून व्हाईटबोर्डचा मार्कर फिरवायचा, त्यातला द्राव जुनी राळ सोडवतो, आणि ओले असतानाच पुसायचे. घरात उरलेला सॅनिटायझरही हेच काम करतो, कारण त्यातही अल्कोहोलच असते.

हाच गुण उलटाही बाधतो. शिकवणी घेणाऱ्या काही ताई फळ्याच्या एका बाजूला पर्मनंट मार्करने दुरेघी आखून घेतात, मुलांच्या वहीसारखी. त्या रेघांवर रोज लिहून पुसले की रेघाही हळूहळू निघू लागतात. गाड्यांवर लावायची बारीक रंगीत पट्टी चिकटवली तर त्या टिकतात.

पूर्वपीठिका

काळा फळा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोप-अमेरिकेच्या वर्गांत आला आणि इंग्रजी अमदानीत आपल्याकडे. पांढरा फळा आणि कोरडा पुसता येणारा मार्कर १९७० च्या दशकानंतर आधी कार्यालयांत आणि मग शाळांत शिरला. आपल्याकडे फळा ही सरकारी धोरणाची बाब झाली ती १९८७ च्या 'खडू-फळा' योजनेने. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचे साहित्य मिळावे, असा तिचा हेतू होता. योजनेच्या नावातच फळा होता, यावरून तो किती शाळांत नव्हता हे कळते.

फळा मुलांकडे नेण्याची कल्पना मात्र ठाणे जिल्ह्याला त्याआधीपासून ठाऊक आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर हलवले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघरमध्ये आहे. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द याच कामातून रूढ झाला. ठाणे शहरात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून कंटेनरमध्ये भरणारी सिग्नल शाळाही याच वंशातली. ठाणे महानगरपालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ यांनी ती सिग्नलवर राहणाऱ्या मुलांसाठी उभी केली.

भाड्याच्या भिंती

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, घणसोली भागांत तिने बांधलेली पुष्कळ घरे एक खोली-स्वयंपाकघराची किंवा त्याहून थोडी मोठी आहेत. ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या वाड्यांच्या जागी टॉवर आले, घोडबंदर रस्त्यालगत नवी वस्ती पसरली आणि या सगळ्यांत भाडेकरूंची संख्या मोठी. अकरा महिन्यांचा करार, भिंतीला खिळा ठोकायचा नाही, ठोकलात तर अनामत रकमेतून कापणार. अशा घरात भिंतीवरचा फळा हा चैनीचा विषय. स्टँडवाला बोर्ड टेंपोत बसतो आणि घरमालकाला त्यावर हरकत घेता येत नाही.

शिवाय बैठकीची खोली एकाच कामाची नसते. चार वाजता तिथे पहिली-दुसरीची मुले पाढे म्हणतात, सहाला शिष्यवृत्तीचा सराव, आठला टीव्ही, अकराला गाद्या. फळा दिवसातून तीनदा हलतो आणि रात्री कपाट व भिंत यांमधल्या फटीत उभा राहतो. (शिष्यवृत्ती परीक्षा पूर्वी चौथी-सातवीला असे, २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला आली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी-सातवीला नेण्याचे ठरले, घरगुती क्लासच्या वेळापत्रकात तेवढाच बदल झाला.) एका खोलीच्या घरात फळ्याचा आणखी एक उपयोग होतो, जो कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नाही: आडोसा. दहावीच्या मुलीचा अभ्यास आणि आजोबांच्या बातम्या यांच्यामध्ये फळा आडवा लावला की आवाज येतो, पण टीव्हीचा पडदा तरी दिसत नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षकांनी आपापल्या घरात फळे आणले. मोबाईलसमोर पांढरा फळा ठेवण्यात एक अडचण होती. कॅमेरा एवढ्या पांढऱ्या रंगाला दबून सगळे चित्र अंधारे करतो. फळा करडा दिसतो आणि शिक्षक सावलीसारखे. ट्यूबलाईटचा चमचमता पट्टा नेमका उदाहरणाच्या मधोमध येतो. फळा खिडकीसमोर न ठेवता खिडकीच्या बाजूला, किंचित कलता ठेवला की दोन्ही दोष कमी होतात, हे तेव्हा घरोघरी चाचपडत शोधले गेले. राज्यातल्या शहरी शाळांत आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा भरले. बोर्ड मात्र घरातच राहिले.

अक्षरे आणि आकडे

मराठी शिकवताना पांढऱ्या फळ्याचा एक गुण कामी येतो आणि तो म्हणजे बोटाने नेमकी एक रेघ पुसता येणे. खडूच्या फळ्यावर बोट फिरवले की पांढरा फराटा उमटतो आणि मुलाचे लक्ष तिकडेच जाते. इथे रेघ जाते आणि जागा कोरी राहते.

जोडाक्षराचा धडा यावर उत्तम होतो. फळ्यावर 'रसता' लिहायचे. मुलगा ते र-स-ता असे वाचतो. मग 'स'चा काना, म्हणजे उजवीकडची उभी रेघ, त्याच्याच बोटाने पुसायला सांगायचा आणि उरलेला अर्धा 'स' लगेच 'ता'ला भिडवायचा: रस्ता. तसेच 'गपपा'चे गप्पा. काना पुसला म्हणजे अक्षराचा उच्चार अर्धा झाला, हे मुलाला सांगावे लागत नाही, बोटाला लागलेली निळी शाई ते सांगते. नंतर त्याला 'चिठ्ठी' द्यावी. तो 'ठ'चा काना शोधतो आणि त्याला तो सापडत नाही. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना काना नाही, म्हणून त्यांचा पाय मोडावा लागतो किंवा त्यांना वेगळे जोडावे लागते, हा नियम मग पाठ करायची गरज उरत नाही. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' या जोड्यांतही शिरोरेषा कुठे अखंड आहे आणि कुठे तुटते हे असेच, पुसून आणि पुन्हा ओढून दाखवता येते.

डावखुऱ्या मुलांना मात्र या फळ्याचा जाच होतो. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्यांचा पंजा आत्ताच लिहिलेल्यावरून फिरतो आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात गायब. अशा मुलाला फळ्याच्या वरच्या भागात, हात ओळीखाली राहील असे लिहू द्यावे. अंगठा काळा झाला म्हणून ओरडू नये.

अंकांसाठी चुंबकी पत्रा हवा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'बरोबर 'वीस सात' अशी संख्यावाचनाची रीत आली आणि त्यावर राज्यभर वाद झाला. वादात पडायचे कारण नाही. फळ्यावर २० लिहून त्यातल्या शून्यावर ७ चे चुंबकी कार्ड ठेवले की दोन्ही वाचने मुलाला एकाच ठिकाणी दिसतात. कार्ड उचलले की खाली शून्य असतेच. तीन वर्षांखालील भावंड घरात असेल तर लहान सुटे चुंबक वापरू नयेत; गिळलेले दोन चुंबक आतड्यात एकमेकांना खेचतात आणि गंभीर इजा करतात.

अक्षरांचा आकार किती असावा यासाठी दर दहा फूट अंतराला एक इंच उंची, हा ढोबळ हिशोब चालतो. फळ्याची खालची कड बालवाडीच्या मुलांसाठी त्यांच्या कमरेशी असावी. मुले फळ्याला लोंबकळतात, हे गृहीत धरूनच खटके लावावेत.

शिकवणीपलीकडे

क्लास नसतो तेव्हा फळ्यावर दुधाचा हिशोब, मावशींच्या सुट्ट्या, पाण्याच्या वेळा आणि आजीच्या गोळ्या असतात. दिवाळीआधी ठिपक्यांच्या रांगोळीचा सराव त्यावर होतो: ठिपके काळ्या मार्करने, रेघा लाल. चुकलेली रेघ पुसली की शेजारचे ठिपकेही थोडे जातात, म्हणून ठिपके आदल्या दिवशी काढून वाळू द्यावेत, अशी अनुभवी सूचना मिळते. मे महिन्यात पत्ते आणि कॅरमचे गुण, सर्वसाधारण सभेत सोसायटीच्या दुरुस्तीचा खर्च. सभेत सचिवांनी फळ्यावर आकडा लिहिला की चर्चेचा आवाज वाढतो, असेही निरीक्षण आहे.

पावसाळा आणि निगा

ठाणे-नवी मुंबईत वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मेलामाईनच्या फळ्याचा खरा शत्रू हाच. पाठीमागची भुशाची पाटी कडेने ओल धरते, फुगते, आणि ॲल्युमिनियमची किनार सुटून कोपरा पोट काढतो. स्टँड वेल्डिंगच्या सांध्यापाशी गंजतो. फळा बाल्कनीच्या दारापासून लांब ठेवावा, पाठीला तेलरंगाचा एक हात द्यावा. डस्टर दमट झाले तर शाई निघत नाही, सारवली जाते; ते उन्हात टाकावे, आणि ऊन नसेल तर फ्रिजच्या मागे.

मार्कर आडवे ठेवावेत. टोक वर करून पेल्यात उभे केले की रंगद्रव्य तळाशी बसते आणि 'नवीनच घेतला होता, संपला' अशी तक्रार येते. टोपण कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबावे. महिन्यातून एकदा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. भांड्यांची घासणी लावू नये.

पृष्ठभाग पुरता गेला की लोक फळा काढून टाकतात, स्टँड नाही. जुलैमध्ये ठाण्यातल्या कितीतरी घरांत पंख्याखाली तो उभा दिसतो, चारही खटके लावलेला, आणि त्याच्या दांड्यावर शाळेचे गणवेश वाळत असतात.